गेनभाऊंनी न उघडलेलं घड्याळ

गेनभाऊंच्या दहाव्याला मला बोलायला सांगितलं. आमच्या भागात दशक्रियेला माईक असतो, प्रवचन असतं, आणि प्रवचनाआधी ओळखीची चार माणसं उठून गेलेल्याबद्दल दोन-दोन मिनिटं बोलतात. मी हायस्कुलात मराठी शिकवणारा, त्यामुळे माझं नाव मला न विचारताच पुकारलं गेलं. तळेघरच्या पलीकडे ओढ्याकाठी ओल्या दगडांवर माणसं बसली होती. मी उठलो, डावा हात पाठीमागे नेला (तो का नेला ते पुढे येईल) आणि म्हणालो, की गेनभाऊ हे सचोटीचे कारागीर होते, त्यांच्या जाण्याने तालुक्याने एक गुणी माणूस गमावला. लोकांनी माना हलवल्या. मी खाली बसलो.

जे सांगायला गेलो होतो ते मी सांगितलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

घोडेगावला एसटी स्टँडसमोर, चहाच्या हॉटेलाला लागून गेनभाऊंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, त्यामागे गेनभाऊ आणि पुढे एक लाकडी स्टूल. बाकी घड्याळवाल्यांपेक्षा त्यांचं वेगळेपण त्या स्टुलात होतं. मालक स्टुलावर बसल्याशिवाय ते कुठल्याही घड्याळाचं झाकण उघडत नसत. कुणी म्हणालं, 'ठेवून जातो, संध्याकाळी नेतो', तर ते घड्याळ परत हातात देत. 'मग संध्याकाळीच या. समोर बसा, मग उघडतो.'

एकदा मंचरचे एक बागायतदार जीप चालू ठेवूनच उतरले. अंगठ्यांनी भरलेल्या हातानं त्यांनी घड्याळ काचेवर ठेवलं.

'गेनभाऊ, मला काय इथं तासभर बसायला वेळ नाय. तुमच्यावर इस्वास हाय माझा.'

'तुमचा हाय वो,' गेनभाऊ म्हणाले, 'पण उद्या ते मागं पडलं की तो ऱ्हाईल का? डॉक्टर पोट उघडताना नातेवाइकाला भाईर बसवतो. मी आत बसवतो. घड्याळाच्या पोटात काय असतं ते लोकांनी बघितलेलं नसतं. न्हाई बघितलं की मनात येतं, ह्यानं आतलं काढलं आन दुसरं घातलं. तुमच्या मनात येऊ नये, म्हणून बसा.'

बागायतदार बसले. जीप बंद करावी लागली. तासाभरानं उठताना ते आपल्याच घड्याळाकडे जरा आदरानं बघत होते.

गेनभाऊ मूळचे तळेघरच्या वरच्या अंगाचे. घरची भातशेती आणि नाचणी. तिथून ते घड्याळाकडे कसे आले हे मला नीट माहीत नाही. विचारलं तर 'एका म्हाताऱ्याच्या समोर बसून शिकलो' एवढंच सांगत. डोंगरातल्या माणसाचं जनावरांशी जे बोलणं असतं ते त्यांनी घड्याळांत आणलं होतं. बंद घड्याळ कानाशी धरून ते म्हणत, 'दमलंय.' पाणी गेलेल्याला 'भिजून आलंय बिचारं.' फार दिवस तेल न दिलेल्या घड्याळाच्या मालकाला तर ते खरोखर रागावत, 'उपाशी ठेवलंय तुमी ह्याला.'

काम करताना ते एक पांढरं फडकं एका बाजूनं कपाटाला आणि दुसऱ्या बाजूनं स्वतःच्या कमरेला बांधत, म्हणजे हातातून निसटलेला स्क्रू त्या झोळीत पडावा. उठायच्या आधी फडकं सोडून हळूच झटकत, पुन्हा निरखत आणि विचारत, 'काय ऱ्हायलं न्हाई ना?' कुणाला विचारत कोण जाणे. भिंग कपाळावर सरकवून ठेवायची सवय इतकी, की तसेच जेवायला बसत. कपाटाच्या खणात त्यांनी एक छोटं होकायंत्र ठेवलं होतं. हॉटेलात बसणारे त्यावरून चेष्टा करत, 'गेनभाऊ, तळेघर कुठल्या बाजूला हाय ते इसरता का काय?' गेनभाऊ म्हणत, 'मी न्हाई इसरत. एसटीवाले इसरत्यात, म्हणून ठेवलंय.' तळेघरची गाडी तेव्हाही कधी वेळेवर नसे.

आळे गावच्या एका नवरदेवाची गोष्ट माझ्या समोर घडली. आमच्याकडे साखरपुड्यात मुलीकडचे नवऱ्या मुलाला घड्याळ देतात. या मुलाला सासऱ्यानं चांगलं भारी, सेल नसलेलं, हातावर राहून आपोआप चावी भरणारं घड्याळ दिलेलं. लग्नाला महिना झाला नाही तोच हा आळेफाट्याहून दोन गाड्या बदलून, तणतणत गेनभाऊंकडे आला.

'भाऊ, हे डुप्लिकेट हाय. तीन दिवसांत बंद पडतं. घरचे म्हणत्यात, पावण्यांना फोन लावा. तुमी फक्त लिहून द्या.'

गेनभाऊंनी त्याला स्टुलावर बसवलं. 'घालतो कवा?'

'कार्याला. एरवी कपाटात असतंय. कांद्यात काय घालून जाऊ?'

गेनभाऊंनी घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाले, 'जा, तिकडं नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन ये. हात हालवत जा.' मुलगा चिडला, पण गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा काटा फिरत होता.

'बघ,' गेनभाऊ म्हणाले, 'सासरा खोटा न्हाई आन घड्याळबी खोटं न्हाई. तूच बसून ऱ्हायला व्हतास. आता हातातून काढू नको. आन पावण्यांना फोन लाव, पण जेवायला बोलवायला.'

हॉटेलात हसू फुटलं. मीही हसलो. माहीत नसलेल्या गोष्टीवरून माणूस किती लवकर दुसऱ्याला चोर ठरवतो, असं काहीतरी मी त्या संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं. ती वही अजून आहे.

मलाही तसं एक घड्याळ घ्यायचं होतं. हे सांगायला मला आजही संकोच वाटतो. साधे कपडे, सायकल, पुस्तकं, एवढ्यात माझं आयुष्य गेलं. पण मनगटावर एक खरंखुरं, यंत्र चालताना ऐकू येणारं घड्याळ असावं ही इच्छा कॉलेजच्या दिवसांपासून होती. मुलं मार्गी लागली तेव्हा ती पुन्हा वर आली. बायकोला सांगायच्या आधी मी गेनभाऊंना सांगितलं.

ते हसले नाहीत. त्यांनी दोऱ्यानं माझं मनगट मोजलं.

'आधी मनगट बघायचं, सर, मग घड्याळ. पट्टा अडकतो ते कान मनगटाच्या भाईर आले, की घड्याळ तुमचं वाटत न्हाई. कुणाचं तरी मागून आणल्यावानी दिसतं.'

पुढे वर्षभर, शाळा सुटल्यावर मी त्या स्टुलावर बसायचो आणि ते एकेक सांगायचे. बिघडलं तर पुण्यात उघडणारा कोण आहे ते आधी विचारा. दुरुस्तीला परदेशी जाणारं घड्याळ आपलं नव्हे. कातडी पट्टा आपल्या पावसात टिकत नाही, स्टीलचाच घ्या. पहिलं घड्याळ साधं घ्या, तीन काटे आणि तारीख. तबकडीत जितकी चक्रं जास्त तितकी दुखणी जास्त. कुणी दुबईहून स्वस्तात आणून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. खोक्यातल्या कागदावरचा नंबर आणि घड्याळाच्या पाठीवरचा नंबर स्वतः वाचून जुळवा, विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. रात्री नवानंतर पहाटे तीनपर्यंत तारखेची चावी फिरवू नका, आत दात एकमेकांत अडकलेले असतात.

'आन बघितलं त्या दिवशी घ्यायचं न्हाई,' ते म्हणाले. 'हातात घालायचं, दुकानात तासभर बसायचं, शर्टाचं बटण लावून बघायचं. मग काढून घरी यायचं. पंधरा दिवसांनीबी आठवलं, तर तुमचं.'

'आणि नाही आठवलं तर?'

'तर ते लोकांनी बघावं म्हणून घ्यायचं व्हतं.'

मी पंधरा नाही, चाळीस दिवस थांबलो. मग दिवाळीनंतर पुण्याला जाऊन घड्याळ आणलं. नाव आणि किंमत लिहीत नाही. दोन्ही सांगायची मला लाज वाटते. आणल्यावर घरी न जाता आधी स्टँडसमोर उतरलो.

गेनभाऊंनी हात धुतले, पुसले, मग घड्याळ घेतलं. कानाशी धरलं. डोळे मिटले. 'झकास,' म्हणाले. मग जरा चाचरत, 'सर, एक दिवस ठेवता का? उघडायचं न्हाई. नुसती चाल बघतो. तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी खाली. असं जनावर माझ्या हाताखाली कवा येणार?'

मी ठेवलं. मालक समोर नसताना त्या दुकानात राहिलेलं माझ्या माहितीतलं ते एकमेव घड्याळ.

दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तेव्हा मला मंचरला जायचं होतं. त्यांनी एक कागद दिला, त्यावर कुठल्या अंगानं किती सेकंद पुढे-मागे ते लिहिलेलं. मी तो न वाचताच खिशात घातला, कारण गाडी लागली होती. ते मागून म्हणाले, 'सर, एक सांगायचं ऱ्हायलं.'

'उद्या!' मी पळता पळता म्हणालो. उद्या गेलो नाही. नंतर दोघांच्याही ते लक्षात राहिलं नाही, असं मला वाटत होतं.

डिसेंबरात पेठ या आमच्या मूळ गावी हरिनाम सप्ता होता. दुपारी दोन ते तीन माझा वीणेचा पहारा. वीणेच्या लाकडाला पट्टा घासू नये म्हणून मी घड्याळ काढलं आणि समोरच्या स्पीकरच्या खोक्यावर ठेवलं, म्हणजे वेळही दिसत राहील. सातही दिवस तसंच केलं. सप्ता संपला आणि घड्याळ दिवसाला पाच-पाच मिनिटं पुढे जायला लागलं.

मी आधी गेनभाऊंकडे जायला हवं होतं. दुकान शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. पण घड्याळ भारी होतं, आणि भारी घड्याळ स्टँडसमोरच्या माणसाकडे कसं न्यायचं, असं माझ्या मनात आलं. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. आमच्या शाळेतले शेवाळे सर गाडी घेऊन पुण्याला निघाले होते, त्यांच्याबरोबर मी घड्याळ जिथून घेतलं त्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं घड्याळ यंत्रावर ठेवलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, 'बाहेर कुठं उघडून घेतलं होतं का?'

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, 'एक दिवस आमच्या गावातल्या एकाकडे ठेवलं होतं.'

'मग झालं!' शेवाळे म्हणाले. 'गेनभाऊंकडं? अहो सर, तुम्ही पण काय! सोनं काढून लोखंड घालणारी जात ही.'

मी पावतीवर सही केली. घड्याळ तपासणीला ठेवून आम्ही परतलो. घोडेगावात शेवाळ्यांनी गाडी थेट गेनभाऊंच्या दुकानापुढे उभी केली. हॉटेलात नेहमीची पाच-सहा माणसं होती. मी स्टुलावर बसलो नाही. उभ्यानंच विचारलं.

'गेनभाऊ, घड्याळ दिवसाला पाच मिनिटं पुढं चाललंय. त्या दिवशी तुम्ही... उघडलं नव्हतं ना?'

त्यांनी कपाळावरचं भिंग काढून खाली ठेवलं. 'न्हाई,' म्हणाले.

'बघा बरं आठवून,' शेवाळे मागून म्हणाले.

'न्हाई उघडलं.' मग त्यांनी कमरेचं फडकं सोडलं आणि झटकलं. त्या दिवशी त्यांनी 'काय ऱ्हायलं न्हाई ना' असं विचारलं नाही.

तेवढंच झालं. भांडण नाही, आवाज नाही. पण हॉटेलातल्यांनी ऐकलं होतं आणि शेवाळ्यांनी उरलेल्यांना सांगितलं. मग चेष्टा सुरू झाली. घड्याळ परत घेताना कुणी म्हणायचं, 'गेनभाऊ, मशीन आमचंच हाय ना?' कुणी स्टुलावर बसून मोठ्यानं सांगायचं, 'मी हितनं हालत न्हाई बरं का, राव! सरांचं काय झालं ऐकलंय मी.' पहिल्यांदा गेनभाऊ हसायचे. ज्या स्टुलावर ते लोकांना आपणहून बसवत, त्यावर आता लोक पहारा द्यायला बसू लागले.

तीन आठवड्यांनी माझं घड्याळ घरपोच आलं. सोबत छापील कागद होता. घड्याळाला चुंबकाचा परिणाम झाला होता, तो काढला आहे. मूळ सील शाबूत, यापूर्वी उघडल्याची कोणतीही खूण नाही. मी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली, खोक्यातल्या गादीखाली ठेवला आणि झाकण लावलं.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. मग दहावीच्या सराव परीक्षा आल्या. मी शाळेत जायची वाट बदलली. स्टँडवरून न जाता मागच्या गल्लीतून जायला लागलो. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणालो, तिकडे सावली असते.

होळीनंतर एक दिवस समजलं, गेनभाऊंनी दुकान बंद केलं आणि ते गावी गेले. मोबाइल आल्यापासून घड्याळं कमीच झाली होती, वयही झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही स्वतःला तेच सांगतो. काही दिवस ते पुरतं.

कार्तिकात एका रविवारी मी तळेघरची गाडी धरली. तिथून पुढे तासभर चालावं लागलं. गेनभाऊ खळ्यावर होते. भात झोडून झालं होतं, ते एकटेच खाली बसून पेंढ्यातून राहिलेले दाणे वेचत होते, घड्याळावर वाकायचे तसेच वाकून, तसाच श्वास धरून. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. ते मला सर्वात जास्त लागलं.

'या, या सर! गाडी वेळंवर आली?'

सुनेनं कोरा चहा दिला. मी बोलायचं जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. मी घड्याळ काढून दिलं. त्यांनी कानाशी धरलं, डोळे मिटले.

'बरं चाललंय. चुंबक काढलं वाटतं.'

मी कप खाली ठेवला. 'तुम्हाला कसं माहीत?'

'चांगलं चालणारं जनावर एकदम पाच मिनटं पुढं पळायला लागलं, की दुसरं काय असतंय? सप्त्यात वीणा घेतली व्हती ना तुमी? घड्याळ काढून कुठं ठेवलं व्हतं?'

'स्पीकरवर.'

ते हसले. 'समदे वीणेकरी तिथंच ठेवत्यात. त्या खोक्यात हा एवढा लोहचुंबक असतो. दर सप्त्यानंतर तीन-चार घड्याळं यायची माझ्याकडं. होकायंत्राजवळ धरलं की सुई नाचायची. तुमाला तेच सांगायचं ऱ्हायलं व्हतं. गाडी लागली व्हती तुमची.'

'मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर?'

त्यांनी वेचलेले दाणे एका बाजूला सारले. 'तुमी घड्याळाला काय झालं ते इचारलंच न्हाई, सर. तुमी इचारलं, उघडलं का. मी सांगितलं, न्हाई. त्यावर आणखी काय बोललो असतो, तर ते सबब सांगितल्यावानी झालं असतं.'

मग त्यांनी घड्याळ उलटं केलं, पाठीवर नख ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत जुनी चेष्टा होती.

'आता समोर बसलाच हायेत. उघडू का?'

मी हसलो. तिथे हसायला नको होतं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द बोलायला याहून सोपी जागा मला कुणी दिली नसती, आणि मी हसलो.

मला गाडीपर्यंत पोचवायला ते तळेघरपर्यंत चालत आले. नको म्हटलं तरी आले. बांधावरून उतरताना त्यांनी माझा हात धरला होता, मी त्यांचा नव्हे. गाडी आली तेव्हा म्हणाले, 'सर, एक काम करा. तेवढं स्टँडवर सांगा. मला सांगू नका, मला म्हाईत हाय. हॉटेलात बसत्यात त्यांना सांगा. नातू घोडेगावला शिकायला येणार हाय. त्याला कुणी काय बोलू नये.'

'आजच सांगतो,' मी म्हणालो.

खिडकीतून मागे बघितलं. ते रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी आपलं रिकामं मनगट कानाशी नेलं, ऐकल्यासारखं केलं आणि हात वर करून खूण केली, की ठीक चाललंय. वळण येईपर्यंत तो हात वर दिसत होता. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, ते गेले.

त्या रविवारी गाडी घोडेगावला पोचली तेव्हा दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. हॉटेल भरलेलं होतं. ज्यांना सांगायचं ते सगळे तिथे होते, शेवाळेसुद्धा. बंद दुकानापुढचं स्टूल कुणीतरी हॉटेलात ओढून घेतलं होतं. ते रिकामंच होतं.

'या सर, बसा!' शेवाळ्यांनी स्टूल पुढे सरकवलं. 'कुठून स्वारी?'

मी मनगट वर करून घड्याळ बघितलं. ते सेकंदाला बरोबर होतं.

'उशीर झालाय,' मी म्हणालो आणि घरी निघालो. घरी माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.